केसरबाईंचं ‘नाही’

आमच्या घरात केसरबाई केरकरांवरून वाद होतात, पण त्यांच्या गाण्यावरून कधीच नाही. त्या गाण्यापुढे आत्या आणि मी दोघंही सारखेच गप्प. वाद आहे तो त्यातलं जे काही तबकड्यांवर उरलं, त्याला किती मानायचं यावर. आत्यानं आयुष्यभर छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या घरी गाणं शिकवलं. संत एकनाथ रंगमंदिर तिथून हाकेच्या अंतरावर. तिच्या खोलीत दोन तानपुरे, एक पेटी, डग्गा-तबला, आणि शिकायला येणाऱ्यानं मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा हा नियम. मी जुन्या तबकड्या, स्पूल टेप आणि कॅसेटी संगणकावर उतरवून घेतो. ती गाणं गळ्यातून गळ्यात जातं म्हणते. जे गळ्यात पोचलंच नाही त्याचं काय, असं मी विचारतो. पुढचा संवाद एका बैठकीतला नाही, पुष्कळ संध्याकाळींचा आहे.

ज्यांनी केसरबाई ऐकल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं. जन्म गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा, 13 जुलै 1892. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे, पुढे मुंबईत बरकतउल्ला खाँ आणि भास्करबुवा बखल्यांकडे, अशी त्यांची तालीम तुकड्यातुकड्यांनी झाली. 1921 मध्ये त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. 1946 मध्ये खाँसाहेब गेले तोवर ते शिष्यत्व टिकलं. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1969 मध्ये पद्मभूषण. साठच्या दशकात, लोक अजून ऐकायला आतुर असताना, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्या गेल्या.

मी : आत्या, खाँसाहेब 1946 मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात 1902 मध्येच येऊन पोचला होता. मधली 44 वर्षं यंत्र हाताशी होतं, आणि तरी जयपूर-अत्रौली गायकीच्या मूळ पुरुषाचा एक सूरही आपल्याकडे नाही. गोविंदराव टेंब्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, नातवाला सांगितलेल्या त्यांच्या आठवणीही छापल्या गेल्या. माणूस कसा होता ते वाचता येतं. गाणं कसं होतं ते कळायला मार्ग नाही. तुला याचं वाईट वाटत नाही?

आत्या : वाटतं ना. पण तुझ्यासारखं नाही. खाँसाहेबांचा तरुणपणीचा आवाज वेगळा होता. अमलेट्याच्या दरबारी सलग गाऊन गाऊन तो बसला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नाही आला. मग त्या जड झालेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. ती पेचदार, लयीच्या अंगानं वळणं घेत जाणारी गायकी म्हणजे आपलं जयपूर घराणं. आता सांग, तुझ्या यंत्रानं त्यांच्या कोणत्या आवाजाची साक्ष दिली असती?

मी : दोन्हींची. एका माणसानं आवाज गेल्यावर काय केलं, हे ऐकायला मिळालं असतं. गाणं शिकणाऱ्याला याहून मोठा धडा कोणता?

आत्या : धडा कोणी घेतला असता? लोकांनी तो जड आवाजच गायकी म्हणून उचलला असता. आज केसरबाई ऐक, मोगूबाई कुर्डीकर ऐक, मल्लिकार्जुन मन्सूर ऐक. एका घरची शिस्त आणि तीन वेगळी माणसं. मन्सूरांना तर खाँसाहेबांच्या मुलांनी, मंजी खाँ आणि भुर्जी खाँनी शिकवलं. खाँसाहेबांची तबकडी समोर असती तर या तिघांनाही जन्मभर तिच्याशी ताडून पाहिलं असतं. तबकडीत असं नाही, तसं आहे, हेच ऐकावं लागलं असतं.

मी : मग अब्दुल करीम खाँसाहेबांचं काय? त्यांच्या तबकड्या आहेत, भरपूर खपल्याही. त्या ऐकून किराणा घराणं गोठलं का? गदगचा एक पोरगा दुकानात वाजणारी त्यांची झिंझोटीची ठुमरी ऐकतो आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडतो. भीमसेन जोशी तबकडीनं दिले आपल्याला.

आत्या : तबकडीनं त्यांना घराबाहेर काढलं. दिलं नाही काही. पुढचं सांग ना. ती तबकडी उशाशी घेऊन ते घरीच का नाही शिकले? ग्वाल्हेर झालं, पार जालंधरपर्यंत गेले. तिथं विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि म्हणाले, तुझ्या घराशेजारीच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मग कुंदगोळला राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षं शिकले. तबकडीनं तहान लावली असेल. पाणी गुरूनं पाजलं.

भीमसेनजींची ही गोष्ट दोघांच्याही उपयोगाची आहे, म्हणून ती वारंवार निघते. मला वाटतं तिच्यात आत्याचा मुद्दा अधिक खोल आहे, पण माझा आधी येतो. तहान लागली नसती तर तो मुलगा कुंदगोळपर्यंत पोचला नसता.

मी : बरं, केसरबाईंकडे ये. त्यांनी तर तबकड्या केल्या. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून एचएमव्हीसाठी, ब्रॉडकास्ट कंपनीसाठी. ललत, नट कामोद, मारुबिहाग, कुकुभ बिलावल, भैरवी. तोवर भोंग्यात तोंड घालून गायचे दिवस संपले होते, मायक्रोफोन आला होता. म्हणून त्यांचा आवाज आज इतका भरीव ऐकू येतो.

आत्या : तीन मिनिटं. साडेतीन फार तर.

मी : दहा इंची, 78 फेऱ्यांची तबकडी. तिची एक बाजू तेवढीच.

आत्या : केसरबाईंचा विलंबित त्रितालातला एक ख्याल पुरता उलगडायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे ना तुला? त्या स्थायी मांडणार, आकारात एकेक सुरावरून पुढे सरकणार, दमसास न तुटता समेपर्यंत यायचं, मग बोल, मग लयीशी गुंफलेल्या ताना. ही सगळी उतरंड आहे. तबकडीत काय उरलं? मुखडा आणि तानांवर ताना. ज्यानं फक्त तबकडी ऐकली त्याला वाटतं केसरबाई म्हणजे तान. माझ्याकडे येणारी पोरंसुद्धा पहिल्याच आठवड्यात तान मागतात.

मी : पण त्या तीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवलं कोणी? केसरबाईंनीच. कंपनीच्या माणसाला ललताचे दोन मध्यम कळत नव्हते. मैफलीत जे तासभर चालतं त्यातून तीन मिनिटांचं पुरं गाणं उभं करायचं, राग पहिल्या सुरापासून निःशंक दिसला पाहिजे, आणि शेवटच्या समेला घाई ऐकू येता कामा नये. ही वेगळी कला आहे. तिलाही तालीम लागते. तू तिला मैफलीची कापलेली चिंधी समजतेस, मी तिला स्वतंत्र रचना समजतो.

आत्या : स्वतंत्र रचना म्हण. हरकत नाही. पण मग केसरबाईंचं गाणं म्हणू नकोस. केसरबाईंची तबकडी म्हण.

इथवर आमचा वाद जगात कुठेही होऊ शकेल असाच आहे. त्यापुढे आत्या जे बोलते ते मला इतर कोणाकडून फारसं ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

आत्या : तुम्ही संग्रह करणारी माणसं तबकडीला नाही म्हणणाऱ्या गवयाला नेहमी हेकट म्हणता. कलेचं नुकसान केलं म्हणता. पण नाही कोण म्हणत होतं आणि का, हे बघत नाही. आपल्याकडे सुरुवातीला यंत्रापुढे कोण बसलं? गौहर जान बसली. तिच्यासारख्या कितीतरी बायका बसल्या. मोठमोठे उस्ताद लांब राहिले. या बायकांना शेवटी इंग्रजीतून आपलं नाव पुकारायला लागायचं, तबकडीच्या अखेरीला.

मी : मेणावरचं मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचं. तिथल्या माणसाला लेबल कोणतं लावायचं ते कळावं म्हणून.

आत्या : हो, कारण तूच सांगितलंस मला. पण विचार कर. गाणं इथलं, कारखाना तिकडचा, विक्री कंपनीची. बाईला एकदा मेहनताना मिळाला की संपलं. केसरबाई हे सगळं बघत मोठ्या झाल्या. त्या गोव्याच्या कलावंत घरातल्या. अशा घरांतल्या बायकांच्या गाण्यावर सगळ्यांनी हक्क सांगितला, देवळानं, संस्थानिकानं, शेठजीनं. ऐकणाऱ्यांनी वाहवा केली आणि बाहेर गेल्यावर नावं ठेवली. अशा बाईनं खाँसाहेबांसारख्या कडक गुरूकडे तिशीत पुन्हा पहिल्यापासून मेहनत केली, दरबारांत आणि परिषदांत ताठ मानेनं गाऊन स्वतःची बिदागी स्वतः ठरवली, मुलीला डॉक्टर केलं. आणि मग एका टप्प्यावर म्हणाली, आता रेडिओ नको. माझं गाणं पानाच्या टपरीवर वाजायला नको, असं त्या म्हणत, असं सांगतात. तुम्हाला यात गर्व दिसतो. मला यात मालकी दिसते. पहिल्यांदाच एका बाईनं सांगितलं की माझं गाणं कुठं ऐकायचं ते मी ठरवेन.

मी : पण टपरीवाल्यानं ऐकायचं नाही का? ज्याला मैफलीचं निमंत्रण कधीच मिळणार नाही, त्यानं?

आत्या : हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुझ्या प्रश्नानं तिचं ‘नाही’ खोटं पडत नाही.

मी : त्यांच्या खासगी मैफलींची मुद्रणं संग्राहकांच्या हातोहात फिरली. खोकर, नट बिहाग, ललिता-गौरी. तबकडीत कधीच न मावणारं गाणं त्यांत आहे. तू मघाशी म्हणालीस ती उतरंड त्यांतच ऐकायला मिळते. ती कोणी केलीच नसती तर तुझा मुद्दा तू सिद्ध कशानं करणार होतीस?

आत्या : ती करताना तिला विचारलं होतं का?

मी : जुन्या तबकड्यांवर तर आता कायद्यानंही कोणाची हरकत उरत नाही. प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षांनी ध्वनिमुद्रणाचा हक्क संपतो आपल्याकडे. केसरबाईंच्या तबकड्या केव्हाच सगळ्यांच्या झाल्या.

आत्या : कायद्याचं मी विचारलं नाही. विचारलं होतं का, एवढंच विचारलं.

यावर मी गप्प बसलो, आणि बसणं योग्यच होतं. केसरबाईंसारख्या गायिकेनं हयातीत दिलेला नकार हा तिच्या कलेचाच भाग मानला पाहिजे, असं माझं आता ठाम मत आहे. ज्या गाण्यासाठी त्या मायक्रोफोनपुढे स्वतःहून बसल्या, ते गाणं त्यांनी दिलेलं आहे. जे कोपऱ्यात यंत्र लपवून घेतलं जातं, ते घेतलेलं. दोन्ही एकाच यादीत, एकाच मथळ्याखाली ठेवणं मला पटत नाही. अशी मुद्रणं नष्ट करा असं मी म्हणणार नाही, आत्याही म्हणत नाही. पण ती कुठे, कोणासमोर, कशी झाली हे सोबत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्यांचा बाजार होता कामा नये.

व्हॉयेजरची गोष्ट मी काढली की आत्या कंटाळते, तरी ती सांगायला हवी. 20 ऑगस्ट आणि 5 सप्टेंबर 1977 रोजी अमेरिकेनं अंतराळात दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी. पृथ्वीवरच्या संगीताच्या 27 नमुन्यांत बाख आणि बीथोव्हेनबरोबर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, ‘जात कहां हो’. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकानं ती सुचवली. निवड झाली, पण तबकडी मिळेना. बाजारातून ती केव्हाच गेली होती. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. दुसरं यान निघालं त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

आत्या : तिथं दाद कोण देणार आहे?

मी : मला त्या यानापेक्षा ते खोकं महत्त्वाचं वाटतं. ज्या गाण्याला अख्ख्या पृथ्वीच्या वतीनं पाठवायचं ठरलं, त्याची प्रत कंपनीकडे नाही, दुकानांत नाही. कोणीतरी खोकं टाकून दिलं असतं तर भैरवी गेली नसती.

आत्या : हे मात्र खरं आहे. खोकी टाकून देण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे आमच्या वादाचं स्वरूप बदललं. केसरबाईंची एक तबकडी मी उतरवून घेतली होती, खरखर काढून, स्वच्छ करून. आत्याला ऐकवली. तिनं मुखडा संपायच्या आतच हात वर केला.

आत्या : काय ऐकवायलास हे? ही बाई इतकी वर गात नाही. आवाजाचं वजन गेलंय. आणि तानपुरा कुठं आहे?

मी : खरखर काढताना तानपुराही थोडा गेला असेल. तो मागे, बारीक असतो. यंत्राला तो आणि खरखर यांतला फरक नीट कळत नाही.

आत्या : तानपुरा काढलास तर मग तिनं षड्ज कशाला लावला ते कळायचं कसं? आणि वर का गेली ती?

मी : 78 फेऱ्या हे लेबलवरचं नाव आहे. मुद्रणाच्या वेळी तबकडी नेमक्या त्याच वेगानं फिरत होती असं नाही. थोडी कमी-जास्त असायची. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सगळं गाणं अर्ध्या स्वरानं वर चढतं. काळी एकची बाई काळी एकची राहत नाही. लय चढते, आवाज पातळ होतो.

आत्या : म्हणजे लोक जे ऐकतात ती केसरबाई नसेलही.

मी : काही ठिकाणी नसेल. वेग बरोबर कोणता, हे यंत्र सांगू शकत नाही. कानानंच ठरवावं लागतं.

मग त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. मी वेग थोडा थोडा उतरवत गेलो, ती डोळे मिटून ऐकत होती. एका जागी आल्यावर ती म्हणाली, थांब, इथं. आता तान घशातून नाही, पोटातून येते आहे. मी नंतर तबकडीवरच्या पेटीच्या पट्टीशी जुळवून पाहिलं, ते बसलं. खरखरही परत आणली, तानपुऱ्यासाठी. स्वच्छ केलेल्यापेक्षा ती खरखरीत प्रत खूपच जास्त केसरबाई होती.

तबकडीत सूर उतरलेला असतो, पण तो कुठे होता हे सांगायला तालमीचा कान लागतो. तो कान नसेल तर आपण चुकीच्या पट्टीतल्या, तानपुरा हरवलेल्या प्रती जपून ठेवू आणि त्यांनाच वारसा म्हणू. आज ज्या झपाट्यानं जुनं गाणं इंटरनेटवर चढतं आहे, त्यात हा धोका रोजचा आहे. आणि उलट बाजूनं, आत्यासारख्यांचा कान आज वापरला नाही तर उद्या उत्तम यंत्रं असतील आणि थांब, इथं म्हणायला कोणी नसेल.

मी : आत्या, तू म्हणतेस गळ्यातून गळ्यात. केसरबाईंनी मनापासून शिकवलं ते धोंडूताई कुलकर्णींना. तेही 1962 च्या सुमारास, म्हणजे केसरबाई सत्तरीला आल्यावर. धोंडूताई आधी भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेल्या होत्या, म्हणून त्या ओझ्याला तयार होत्या. त्या आल्या नसत्या तर? एका माणसाच्या येण्यावर सगळी साखळी लटकलेली.

आत्या : साखळी नेहमी एका माणसावरच लटकलेली असते. म्हणून तर तिची किंमत. धोंडूताई 2014 मध्ये गेल्या, त्यांनी पुढे शिकवलं. शिकवणारा दहा जणांना शिकवतो, त्यातल्या एकात ते उतरतं. आपल्या नाथरावांचं बघ.

आपले नाथराव म्हणजे पंडित नाथराव नेरळकर. नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, इथल्या सरस्वती भुवन महाविद्यालयात ज्यांनी पिढ्या घडवल्या ते. मार्च 2021 मध्ये ते गेले. मराठवाड्यात आज गाणं शिकवणाऱ्या पुष्कळांच्या तालमीचा धागा त्यांच्यापर्यंत जातो.

आत्या : नाथरावांचं गाणं तुला कुठं भेटेल? एखाद्या मुलीनं नाट्यपदात शब्द मोडू न देता जागा घेतली की मला कळतं, ही कुठून आली ते. हे तुझ्या संगणकात कुठल्या नावानं ठेवशील?

मी : नाही ठेवता येणार. पण त्या मुलीला उद्या विचारलं की ही जागा नाथराव स्वतः कशी घेत, तर तिला ऐकवता आलं पाहिजे. या शहरात, नांदेडला, परभणीला, अंबाजोगाईला किती घरांत माळ्यावर मैफलींच्या कॅसेटी पडून असतील. मोठमोठ्या गवयांच्याच नाहीत. गणेशोत्सवातल्या, गुरुपौर्णिमेच्या, कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या. मुंबईला एनसीपीएचा संग्रह आहे, सत्यशील देशपांड्यांनी संवाद फाउंडेशनमध्ये किती घराण्यांचे गवई बोलते आणि गाते करून ठेवले. मराठवाड्याचं गाणं तिथं पोचलं नसेल तर ते आपल्याच माळ्यांवर आहे.

आत्या : आणि आपल्या उन्हात.

मी : एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर टेप चिकट होते. वरचा थर सुटून यंत्राच्या डोक्याला लागतो. एकदा चुकीच्या यंत्रावर लावली की गाणं निघून येतं ते कायमचंच.

आत्या : मग आण त्या. मी बसते ऐकायला. कोण गातं, तबल्याला कोण, राग कोणता, जेवढं ओळखता येईल तेवढं सांगते. पण माझी अट आहे. ज्याचं गाणं आहे तो असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय एक सूरही बाहेर द्यायचा नाही. आणि पोरांना शिकवताना मी ते वाजवीन तेव्हा तोंड बंद ठेवून ऐकायचं. नक्कल नाही.

मला ती अट मान्य आहे. केसरबाईंनी दिलेलं गाणं त्यांच्याच पट्टीत जपायचं आणि न दिलेल्या गाण्याला त्यांच्या नकाराची नोंद लावून ठेवायची, ही मला त्यांच्या वारशाची खरी राखण वाटते. तीच शिस्त आपल्या गावातल्या, नाव नसलेल्या गवयालाही लागू झाली पाहिजे.

म्हणून मराठवाड्यातल्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरी जुन्या मैफलींचे स्पूल, कॅसेटी, तबकड्या असतील तर त्या या उन्हाळ्याआधी माळ्यावरून खाली काढा. तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवा, टेपा कोरड्या आणि गार जागी. बरीच वर्षं न वाजलेली टेप हौसेनं जुन्या यंत्रावर लावून पाहू नका, जाणकाराकडे द्या. मूळ टेप उतरवून झाल्यावरही फेकू नका. डबीवर तारीख, गाव, गाणारा, तबलजी, पेटीवाला, आणि गाणं कोणाच्या परवानगीनं मुद्रित झालं ते लिहा. त्या बैठकीला हजर असलेली माणसं अजून तुमच्या घरात, शेजारात आहेत. टेपेआधी त्यांच्याकडे जा आणि त्यांना विचारा.